हवं की चालेल

लग्न होऊन मी सटाण्याहून नाशिकला आले तेव्हा सासरच्या घरात दुसरी बाई नव्हती. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या आणि नणंद निफाडला दिलेली होती. राहिलो आम्ही तिघं: नवरा, सासरे आणि मी. नवरा अंबडच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. कधी सकाळची पाळी, कधी दुपारची, कधी रात्रीची. त्यामुळे दिवसाचा बराचसा वेळ घरात सासरे आणि मी असे दोघंच असायचो.

त्यांना मी बाबा म्हणायचे. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली होती. पेठची गाडी कुठे लागली, सटाण्याची किती उशिरा सुटणार, हे भोंग्यावरून सगळ्या स्टँडला सांगणारा खणखणीत आवाज त्यांचा. घरात मात्र तो आवाज ते फारसा वापरत नसत. निवृत्ती आणि सासूबाईंचं जाणं, दोन्ही पाठोपाठ झालं होतं. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते खुर्चीत बसायचे. जणू कुठेतरी जायचंय आणि कुठे ते आठवत नाहीये.

आमची अडचण पहिल्याच आठवड्यात सुरू झाली. ते पिशवी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"भाजी काय आणू?"

"तुम्हाला आवडेल ती आणा, बाबा."

"मला काहीही चालतं. तुला काय आवडतं?"

"मलाही काहीही चालतं."

ते जरा वेळ उभे राहिले आणि गेले. येताना बटाटे घेऊन आले. दुसऱ्या दिवशी तेच बोलणं झालं आणि पुन्हा बटाटे आले. बटाट्याची सुकी भाजी, बटाट्याचा रस्सा, बटाट्याची कापं, मला जे जे येत होतं ते सगळं करून झालं. शेवटी एकदा नवरा जेवताना म्हणाला, "नाशकात बाकीच्या भाज्या मिळायच्या बंद झाल्यात का?"

आम्ही दोघंही खाली मान घालून जेवलो. तो कामावर गेला आणि मी ताटं उचलायला लागले, तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "खरं सांगू का? मला बटाटा फारसा आवडत नाही."

"मग रोज आणता कशाला?"

"मला वाटलं, तुला आवडतो. तू इतकं हौसेनं करतेस."

"मी तुम्हाला आवडतो म्हणून करत होते!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि आधी ते हसले, मग मी. त्या घरात आल्यापासून मी अशी पहिल्यांदाच हसले असेन. हसणं ओसरल्यावर त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "पण मग मला आवडतं काय?" त्यांनी विचारलं. मला नाही, स्वतःलाच. "तुझी सासू ताटात वाढायची, मी जेवायचो. कधी नाव ठेवलं नाही. तिला वाटायचं, किती समाधानी माणूस आहे. मलाही तसंच वाटायचं."

माझंही काही वेगळं नव्हतं. माझे वडील, आप्पा, कांद्याचे व्यापारी, घर माणसांनी भरलेलं. खाण्यापिण्याची ददात नव्हती. पण आई म्हणायची, मुलीनं आवडीनिवडी वाढवू नयेत. ती हे रागानं म्हणायची नाही. केसांना तेल लावता लावता मायेनं म्हणायची. परक्या घरी जायचंय, जेवढं हवं असेल तेवढं दुखेल, असा तिचा हिशेब. स्वतः तिनं तसंच निभावलं होतं. मीही शिकले. साडी कुठली? तुम्ही घ्याल ती. बीए मराठीत करू की अर्थशास्त्रात? आप्पा म्हणतील त्यात. मुलगा पसंत आहे का? तुम्हाला पसंत असेल तर मला आहे. नवरा चांगला निघाला हे माझं नशीब. निवड माझी नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाबांनी नियम काढला. ताटावर बसल्यावर 'चालेल' म्हणायचं नाही. 'हवं' म्हणायचं किंवा 'नको' म्हणायचं. आणि ठरवता येत नसेल तर 'अजून कळलं नाही' म्हणायचं, ते चालेल. मी म्हटलं, "बाबा, आत्ताच तुम्ही 'चालेल' म्हणालात." ते म्हणाले, "नियम उद्यापासून."

ऐकायला पोरकटपणा वाटतो, पण आम्ही तो मन लावून केला. ते रोज वेगळी भाजी आणायचे. दोडका, कारली, अंबाडी, तोंडली, लाल भोपळा. एक घास खाऊन दोघांनी जरा थांबायचं आणि खरं काय ते सांगायचं. कारलं त्यांना मनापासून आवडत होतं, हे त्यांना वयाच्या साठीत कळलं. घरात गोडाचा शिरा वर्षानुवर्षं व्हायचा, तो त्यांना नको होता. मला कळलं की मला फार गोड चहा आवडत नाही, आणि बाजरीच्या भाकरीचा पापुद्रा मला फार आवडतो, तरी तो मी सगळ्यांना वाढून टाकते आणि मग मनात खट्टू होते. "मग आजपासून पापुद्रा तुझा," बाबा म्हणाले. एवढीशी गोष्ट, पण त्या दिवशी भाकरी खाताना मला रडू आलं. का आलं, ते तेव्हा सांगता आलं नाही. अजून कळलं नाही, एवढंच म्हटलं.

मग त्यांच्या चष्म्याची काच तडकली. मेन रोडच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदारानं फ्रेमचा ट्रे पुढे ठेवला आणि विचारलं, "कुठली आवडते, काका?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. आधीचा चष्मा सासूबाईंनी निवडला होता, त्याच्या आधीचाही. ते आरशासमोर एक एक फ्रेम लावून बघत राहिले. दुकानदार कंटाळला, दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. शेवटी एक जाड काळी फ्रेम लावून ते वळले आणि म्हणाले, "ही. मला ही हवी." ती त्यांना अजिबात शोभत नव्हती. मी तसं सांगितलंही. ते म्हणाले, "असू दे. पण हवी आहे." पुढे कितीतरी वर्षं त्यांनी ती वापरली.

खाणं आणि वस्तू, इथवर सोपं होतं. मनातलं ओळखणं त्याहून अवघड निघालं.

त्या साली गौरींना नणंद आली. स्वभावानं चांगली, हाताची उरकती. आल्या आल्या तिनं ओट्यावरचे डबे हलवायला सुरुवात केली. मसाल्याचा डबा डावीकडे, पिठाचा खाली, चहा-साखर खिडकीत. "आईची जागा होती ना ही," ती म्हणाली. मी हसून म्हटलं, "असू दे ना ताई." दोन दिवस राहून ती निफाडला परत गेली आणि मी भांडी घासायला बसले.

बाबा बाहेरून म्हणाले, "आज भांडी कोणावर रागावलीत?"

"कोणावर नाही."

"आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातोय."

मी हात थांबवला. खरंच, हातातली कढई मी घासत नव्हते, आपटत होते. बाबा आत येऊन पाटावर बसले.

"तिनं डबे हलवले, त्याचं काही वाटलं?"

"नाही हो. मला काही वाटलं नाही."

"काही न वाटणं कसं जमेल? काहीतरी वाटलंच असणार. कुठलं, ते बघ."

मला पहिल्यांदा त्यांचाच राग आला. मग मी बघितलं, म्हणजे नुसती गप्प बसले. छातीत गरम वाटत होतं. तो राग. पण त्याच्या खाली पोटात काहीतरी घट्ट आवळल्यासारखं होतं आणि तो राग नव्हता. मी बोलता बोलताच मला ते सापडत गेलं. "मला वाटलं, मी इथे पाहुणी आहे. घर त्यांचं आहे आणि मी आपली चार दिवस राहायला आलेय."

बाबा समजूत घालायला धावले नाहीत, मुलीची बाजू घेतली नाही, माझीही घेतली नाही. मग विचारलं, "आता भांडी?" मी बाकीची भांडी घासली. आवाज न करता.

पुढच्या वेळी नणंद आली तेव्हा मी तिला सांगितलं, "ताई, मसाल्याचा डबा मला उजवीकडे लागतो. डावीकडे ठेवला की माझा हात अडतो. आणि खरं सांगू, जरा परकंही वाटतं." ती गोंधळली. मग तिचेच डोळे भरून आले. म्हणाली, "मला आईची जागा मोडायची नव्हती, एवढंच गं." म्हणजे तिच्याही पोटात काहीतरी होतंच. त्या दिवसापासून आमची खरी मैत्री झाली.

बाबांना दुसऱ्याचं दिसायचं, स्वतःचं मात्र उशिरा दिसायचं. त्यांना रोज दुपार कलली की छातीत जळजळायचं. डॉक्टरांनी तपासलं, ईसीजीची पट्टी काढली, सगळं ठीक होतं. ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. कारलं बंद झालं, तिखट कमी झालं, तरी दुपार झाली की त्यांचा हात छातीवर जायचा. मी कित्येक दिवस बघत होते. जळजळ सुरू व्हायच्या जरा आधी ते खुर्ची ओढून दाराकडे तोंड करून बसायचे. सकाळी खुर्ची भिंतीपाशी असायची. दुपारीच ती सरकायची.

एकदा मी खाली पायरीवर बसले आणि विचारलं, "बाबा, आई दुपारी काय करायच्या?"

"काय म्हणजे? काम करायची."

"या वेळेला?"

त्यांनी पायरीकडे बघितलं. मग म्हणाले, "चहा घेऊन त्या पायरीवर बसायची. तू बसलीस तिथे. मी पहिल्या पाळीहून यायचो, तर लांबूनच दिसायची. माझा कप बशीनं झाकलेला."

"तुम्हाला त्यांची आठवण येते."

"आठवण काय, येणारच. बायको होती."

"तसं नाही, बाबा. आत्ता येतेय का?"

त्यांनी हात छातीवर ठेवला. तपासत असल्यासारखा, नीट. आणि म्हणाले, "हो. आत्ता येतेय गं." मग ते रडले. सासूबाईंच्या दहाव्यालासुद्धा रडले नव्हते, असं नवरा नंतर म्हणाला. मला कळेना, उठून आत जावं की थांबावं. सासरा रडत असताना सुनेनं समोर बसावं का, असं कुणी शिकवलेलं नव्हतं. मी थांबले. पायरीवरून मात्र उठून बाजूला बसले.

त्यानंतर आम्ही दुपारचा चहा बाहेर घ्यायला लागलो आणि ते सासूबाईंबद्दल बोलायला लागले. गोळी कधीमधी घ्यायचेच. "ॲसिडिटीपण आहेच थोडी," असं म्हणायचे.

अशी वर्षं गेली. मला मुलगी झाली, ती चालायला बोलायला लागली. बाबा तिला कडेवर घेऊन भाजीला जायचे आणि तिलाच विचारायचे, काय हवं. ती बोट दाखवून ओरडायची. त्यांना फार आवडायचं ते.

मी आईशी फोनवर अहिराणीत बोलायचे. नाशकात आल्यापासून इतर वेळी ती बोली मी दाबूनच टाकली होती. शेजारणी हसतील अशी भीती. बाबा एकदा म्हणाले, "आईशी बोलतेस तेव्हा तुझा आवाज वेगळा असतो. मोकळा." मी लाजले.

सिंहस्थाच्या आदल्या वर्षी, गावात सगळीकडे रस्ते उकरलेले असताना, नवऱ्याच्या कारखान्याचं बिनसलं. कामगार कमी करायला लागले. त्याला पुण्याजवळ चाकणला चांगली नोकरी मिळाली. त्यानं गृहीतच धरलं होतं की सगळे जाणार. जेवताना त्यानं विषय काढला.

बाबा म्हणाले, "मला काय, चालेल."

मी वाढता वाढता थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चोरी पकडल्यासारखं हसले आणि म्हणाले, "जरा वेळ दे मला."

काही दिवस ते सकाळ-संध्याकाळ एकटेच फिरायला जात राहिले. मग एका रविवारी त्यांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं, "मी इथेच राहणार. ओळखीची माणसं इथे आहेत, जुने डेपोवाले इथे आहेत, पोरगी निफाडला, जवळच आहे. तिथे मी तुमचा पाहुणा होईन. मला ते नकोय."

नवरा अस्वस्थ झाला. "एकटे कसे राहाल? लोक काय म्हणतील मला?" आणि मग माझ्याकडे वळून, "तू मुलीला घेऊन थांबतेस का इथे? मी शनिवार-रविवार येत जाईन."

त्याचं चूक नव्हतं. त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं: थांबते, त्यात काय. अगदी दातांपर्यंत आलं. मी म्हटलं, "मलाही जरा वेळ द्या."

मी तो वेळ खरंच वापरला. कपडे वाळत घालताना, मुलीला शाळेतून आणताना मी एकदा थांबण्याचा विचार करायचे आणि एकदा जाण्याचा. थांबायचा विचार केला की छाती शांत व्हायची, कुणी नावं ठेवणार नाही म्हणून. पण पोटात खड्डा पडायचा. जायचा विचार केला की डोळ्यांत पाणी यायचं आणि तरी पायांत काहीतरी हलकं व्हायचं. मला हळूहळू दिसत गेलं. इतकी वर्षं नवरा पाळीवर आणि मी घरात. आम्ही एका छपराखाली राहत होतो, पण दोघांनी मिळून संसार असा केलाच नव्हता. मला त्याच्याबरोबर राहायचं होतं. बाबांना सोडून जाण्याचं वाईट वाटत होतं, तेही खोटं नव्हतं. वाईट वाटतंय म्हणजे जायचं नाही, असा मात्र त्याचा अर्थ नव्हता.

दुपारी चहा घेताना मी सांगायला सुरुवात केली. "बाबा, मी विचार केला. म्हणजे मला असं वाटतं की... मुलीची शाळा..." शब्द पुढे जाईनात. आणि मग अचानक तोंडातून आलं, "माले जानं शे, बाबा." मला जायचंय.

अहिराणीत. मी त्यांच्याशी कधीच तशी बोलले नव्हते.

त्यांनी कप खाली ठेवला. "ऐकलं," ते म्हणाले.

"राग आला?"

त्यांनी लगेच नाही म्हटलं नाही. खरोखर बघितलं, आला का ते. "राग नाही. वाईट वाटतंय. पण तुझ्याबद्दल नाही, माझ्याबद्दल." मग म्हणाले, "तू थांबली असतीस तर मला रोज ओळखत बसावं लागलं असतं, ही खूश आहे का, मन मारून आहे का. ते फार दमवणारं झालं असतं, पोरी."

आम्ही गेलो. सामानाचा टेम्पो निघताना ते गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि ड्रायव्हरला स्टँडवरच्या त्या जुन्या आवाजात रस्ता सांगत राहिले. चाकणला आम्ही दोघं नव्यानं संसार करायला शिकलो, भांडायलासुद्धा. बाबा नाशकात भरीत करायला शिकले आणि दर रविवारी फोनवर सांगायचे, आज वांगं नीट भाजलं की करपलं. दिवाळीला यायचे. चार दिवस रमायचे आणि पाचव्या दिवशी, "आता घर आठवतंय," असं सांगून निघायचे. आम्ही आग्रह करायचो नाही.

काही वर्षांनी त्यांचं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाले, ने-आण नको, घरीच जपा. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलीला घेऊन नाशिकला आले आणि सुट्टी संपल्यावर तिला तिथल्याच शाळेत घालून राहिले. जायला हवं म्हणून आले की जावंसं वाटलं म्हणून, हे मी बसमध्ये स्वतःला विचारलं होतं. दोन्ही सापडलं, आणि या वेळी दोन्हींत भांडण नव्हतं. नणंद एक दिवसाआड निफाडहून यायची.

पावसाळा सरता सरता ते गेले. त्याच्या थोडं आधीची एक दुपार आहे. नणंद आत पडली होती, मुलगी शेजारी खेळायला गेली होती. मी त्यांच्या उशाशी बसून शर्टाचं बटण लावत होते. ते बराच वेळ छताकडे बघत होते. मग म्हणाले, "भीती वाटतेय."

"कशाची, बाबा?"

"ते सांगता येत नाही. नुसती भीती आहे. इथे." त्यांनी गळ्याला हात लावला.

काही होत नाही बाबा, तुम्ही बरे व्हाल, असं म्हणता आलं असतं. सगळे तेच म्हणत होते. मी सुई शर्टात टोचून ठेवली. "मलाही वाटतेय," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "होय? मग बरं आहे," ते म्हणाले, आणि पलंगाच्या कडेचा हात बाजूला घेऊन मला जागा करून दिली. मी तिथे जाऊन बसले. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती काही केल्या सुरू होत नव्हती. आम्ही दोघं ती ऐकत बसलो.